दोष कॅमेऱ्याचा कीं वायरीचा ?

नैयायिकांनीं कार्यकारणभाव ठरविण्याची जी रीत घालून दिली, तिचा उपयोग शास्त्र्यांच्या वादसभेपेक्षां हल्लीं घरांतील यंत्रांच्या तक्रारींतच अधिक होण्याजोगा आहे, असें आमचें मत होत चाललें आहे. एक गोष्ट असतां दुसरी असते आणि पहिली नसतां दुसरीहि नसते, असें वारंवार आढळलें म्हणजे त्या दोहोंचा संबंध जोडावा, हा अन्वय-व्यतिरेकाचा मथितार्थ. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र घट किंवा पट नसून संगणकाच्या पडद्यावर चिमट्यासारखा बसणारा तो चिमुकला वेबकॅम होय, जो ऐन बोलण्याच्या रंगांत आपोआप नाहींसा होतो आणि जातां जातां संगणकासहि थिजवून जातो.

इतक्या क्षुल्लक वस्तूसाठीं मासिकाचीं पानें कां खर्चीं घालावीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या घरांतच आहे. आमच्या मातुःश्रींचें वय सत्त्याऐंशी. बडोद्यास दिलेली आमची मावशी त्यांच्याहून तीन वर्षांनीं धाकटी. दोघींसहि ऐकूं फारच कमी येतें, त्यामुळें टेलिफोन त्यांच्या कामाचा नाहीं. एकमेकींच्या ओठांकडे व हातांकडे पाहूनच त्या बोलतात. पुण्याहून बडोद्याचा प्रवास आतां दोघींच्याहि शक्तीबाहेरचा. यास्तव दर गुरुवारीं सायंकाळीं पाऊण तास पडद्यावर होणारी भेट तीच त्यांची भेट. गेल्या पावसाळ्यांत ही भेट दहाव्या-पंधराव्या मिनिटास मोडूं लागली. इकडचें चित्र तिकडे दिसेनासें होई, पडद्यावरील बाण जागच्या जागीं खिळे, कळफलकावर कितीहि बोटें आपटलीं तरी अक्षर उमटत नसे, आणि अखेर घरांतील कोणी तरी बटण दाबून सारेंच बंद करी. तिसऱ्या गुरुवारीं मातुःश्री म्हणाल्या, “राहूं दे आतां. तिला वाटत असेल, मीच मध्यें उठून जातें.” त्यांचें तें वाक्य ऐकल्यावर विषय क्षुल्लक राहिला नाहीं.

उपाय सुचविणारे पुष्कळ मिळाले. ज्या दुकानांतून आम्ही कागद व शाई आणतों तेथील गृहस्थ म्हणाले, “मास्तर, यंत्र जुनें झालें. नवेंच घ्या.” दुकानदारांचा हा सर्वरोगहर काढा आहे, त्यांत रोग्याची नाडी पाहण्याची गरज नसते. आमचे पुतणे कॉलेजांत शिकतात. त्यांनीं एका बैठकींत कॅमेऱ्याचा ड्रायव्हर काढून पुन्हां घातला, बोलण्याचा कार्यक्रम नव्या आवृत्तीचा केला, व्हायरसरक्षक बंद केला, संगणकाची एक तरतूद बदलली आणि कॅमेरा शेजारच्या खाचेंत लावला. पुढच्या गुरुवारीं भेट वीस मिनिटें टिकली आणि मग पूर्ववत् तुटली. तीं जास्तीचीं मिनिटें पांचांपैकीं कोणत्या उपायानें दिलीं, हें कोणासच सांगतां येईना. एकाच वेळीं काढा, मात्रा व डॉक्टरी गोळी पोटांत गेली तर गुण कशानें आला हें धन्वंतरीसहि कळावयाचें नाहीं. “काका, तुम्हींच बघा आतां,” असें म्हणून चिरंजीवांनीं सूत्रें आमच्या हातीं दिलीं.

या उपकरणाचा इतिहास फार जुना नाहीं. १९९१ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेंतील मंडळींनीं ‘ट्रोजन रूम’ नांवाच्या खोलीपाशीं ठेवलेल्या कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला. भांड्यांत कॉफी आहे कीं नाहीं हें दूर बसलेल्यांस आपल्या जागेवरूनच दिसावें आणि जिन्यांचे हेलपाटे वांचावे, इतकाच हेतु. १९९३ मध्यें तें चित्र साऱ्या जगास पाहतां येऊं लागलें आणि २२ ऑगस्ट २००१ रोजीं तो कॅमेरा बंद झाला. बाजारांत विकत मिळणारा वेबकॅम १९९४ सालीं कनेक्टिक्स कंपनीनें आणला. त्याचें चित्र ३२० गुणिले २४० बिंदूंचें व करड्या रंगाच्या अवघ्या सोळा छटांचें होतें. आळशीपणांतून निघालेली ही युक्ति आज म्हाताऱ्या बहिणींच्या उपयोगी पडते.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. ‘कॅमेरा अडकतो’ या एका तक्रारीखालीं निदान तीन निरनिराळे विकार येतात, आणि ते प्रथम वेगळे केल्यावांचून कशासहि हात लावूं नये. पहिला विकार इंटरनेटचा. याची परीक्षा सोपी आहे: इंटरनेट तोडून टाकावें आणि विंडोजमध्यें असणारा ‘कॅमेरा’ नांवाचा साधा कार्यक्रम उघडून त्यांत आपलें स्वतःचें तोंड अर्धा तास पाहत बसावें. मोठें मनोरंजक काम नव्हे, हें आम्ही कबूल करतों. पण तेथें चित्र अखंड चाललें तर कॅमेरा, वायर व संगणक हे तिघेहि बहुधा निर्दोष ठरतात आणि चौकशी वाटेवरच्या जाळ्याची करावी लागते. दुसरा विकार उजेडाचा. तिन्हीसांजेस खोलींत दिवा मंद असला म्हणजे कॅमेरा एकेका चित्रासाठीं आपला डोळा अधिक वेळ उघडा ठेवतो. सेकंदास तीस चित्रें घेणारा मग पंधरा किंवा त्याहूनहि कमी घेतो, आणि हात हलला कीं त्याची मागें रेघ ओढल्यासारखी दिसते. तो बिघाड नव्हे. बसणाराच्या समोर एक दिवा ठेवला कीं काम झालें. मागें खिडकी मात्र नसावी. जेथें ओठ वाचावयाचे आहेत तेथें हा दिवा हजार रुपयांच्या कॅमेऱ्याहून अधिक गुणाचा ठरतो.

तिसरा विकार खरा तुटण्याचा, आणि तो कानांनीं ओळखतां येतो. विंडोज संगणकास एखादें उपकरण जोडलें कीं दोन स्वर वाजतात, खालचा व मग वरचा. उपकरण निघालें कीं तेच उलटे, वरचा व मग खालचा. आरोह म्हणजे आगमन, अवरोह म्हणजे गमन. कोणीहि वायरीस हात लावलेला नसतां बोलण्याच्या मध्येंच अवरोह ऐकूं आला आणि पाठोपाठ आरोह आला, तर कॅमेरा खरोखरच संगणकाच्या दृष्टीनें निघून जाऊन परत आला, असें निश्चित समजावें. आमच्या घरीं हे स्वर वाजत होते. परंतु आवाज बंद ठेवण्याची पद्धत, आणि समोर बसणाऱ्या दोघी कानांनीं अधू. त्यामुळें तीन आठवडे ते कोणी ऐकले नव्हते.

तो जातो कां, हें कळण्यास ज्या यूएसबी नामक मार्गानें तो जोडलेला असतो त्याचा थोडा परिचय पाहिजे. या मार्गाचा पहिला नियमग्रंथ १९९६ सालचा. एकाच वायरीवाटे वीज व माहिती दोन्ही जावीं, ही त्याची मुख्य कल्पना. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणें एका खाचेंतून ५ व्होल्टच्या दाबानें ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतां येते, आणि सेकंदास ४८ कोटि बिट इतकी माहिती जाऊं शकते; २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत हे आंकडे ९०० मिलिअँपिअर व ५०० कोटि बिट असे वाढले. घरांतील बहुतेक वेबकॅम मात्र आजहि दुसऱ्या आवृत्तीच्या चालीनेंच चालतात. आतां हिशेब करावा: १९२० गुणिले १०८० बिंदूंचें चित्र, बिंदूस सोळा बिट, सेकंदास तीस चित्रें, मिळून ९९ कोटि ५३ लक्षांहून अधिक बिट होतात. ४८ कोटींच्या रस्त्यावरून हा लवाजमा जाणार कसा ? म्हणून कॅमेरा चित्र दाबून लहान करून पाठवितो. तेंच चित्र ६४० गुणिले ४८० चें ठेवलें तर न दाबतांहि पावणेपंधरा कोटींत भागतें. परीक्षेपुरतें चित्र लहान करून पाहावें, ही सूचना यासाठींच करतात. लहान चित्र टिकलें आणि मोठें तुटलें तर रस्ता अपुरा पडतो किंवा त्यावर गर्दी फार आहे, असें अनुमान निघतें.

शिवाय कॅमेऱ्याची माहिती आणि तबकडीची माहिती यांच्या प्रकृति भिन्न आहेत. आम्ही शाळेंत शुद्धलेखन घालीत असूं तेव्हां एखादा मुलगा “गुरुजी, पुन्हां सांगा” म्हणे आणि आम्ही वाक्य पुन्हां उच्चारीत असूं. तबकडीवर माहिती उतरते ती अशी. चुकलेलें पुन्हां मागतां येतें, उशीर होतो इतकेंच. कॅमेऱ्याचें वर्तन कीर्तनकारासारखें: हुकलेला शब्द हुकला, बुवा पुढें गेले. वायर सदोष असली तर तबकडी नुसती संथ होते, कॅमेरा मात्र फाटकें चित्र देतो किंवा थांबतो. “त्याच वायरीवर तबकडी तर छान चालते” हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

विजेची गोष्ट याहूनहि महत्त्वाची. एका खाचेच्या चार खाचा करणारी जी डबी मिळते, जिला हब म्हणतात, ती दोन जातींची असते: एक भिंतींतून स्वतःची वीज घेणारी, दुसरी संगणकाच्याच एका खाचेवर जगणारी. दुसऱ्या जातीच्या हबास मिळतात ते पांचशें मिलिअँपिअरच. नियमाप्रमाणें त्यानें आपल्या प्रत्येक खाचेस शंभर द्यावेत. पण स्वस्त हब असला हिशेब ठेवीत नाहींत, ज्याला जितकी ओढतां येईल तितकी तो ओढतो. त्यांतून मधली वायर लांब व बारीक असली तर आणखी घट येते. बारीक तांब्याच्या तारेचा विरोध मीटरामागें सुमारें ०.२ ओहम असतो. तीन मीटर वायर म्हणजे जाणें-येणें मिळून सहा मीटर, म्हणजे सुमारें सव्वा ओहम. तींतून अर्धा अँपिअर वाहिला कीं पांचांतले ०.६ व्होल्ट वाटेंतच नष्ट झाले. उरल्या ४.४ व्होल्टांवर कॅमेऱ्याचा मेंदू कसाबसा जागा राहतो, आणि शेजाऱ्यानें जरा जोरानें वीज ओढली कीं तो मूर्च्छित पडतो. क्षणानें शुद्धीवर येऊन “मी आलों” असें सांगतो. तेच ते अवरोह व आरोह.

आमच्या मेजाखालीं काय होतें तें आतां सांगतों. संगणकाची पेटी जमिनीवर; तिच्या पुढच्या खाचेंतून तीन मीटरांची एक जोडवायर वर आलेली; तिच्या टोंकास बिनविजेचा हब; आणि त्या हबावर कॅमेरा, कळफलक, माऊस व एक फिरती तबकडी, जिच्यांत आमच्या वडिलांच्या हस्तलिखित पोथ्यांचीं छायाचित्रें आहेत आणि जिच्यावर संगणक अधूनमधून आपल्या कागदांची प्रत उतरवीत असतो. आम्हीं एक वही केली. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, अर्धा ते एक तास थांबावयाचें, काय घडलें तें वेळेसह लिहावयाचें, आणि दुसरी गोष्ट बदलण्यापूर्वीं पहिली पूर्ववत् करावयाची. प्रथम कॅमेरा पुतण्यांच्या लॅपटॉपवर लावला: एक तास अखंड. कॅमेरा सुटला. मग उसना आणलेला दुसरा कॅमेरा आमच्या हबावर: चौदाव्या मिनिटास गेला. तिसऱ्या खेपेस आमचाच कॅमेरा पेटीच्या मागच्या खाचेंत थेट: तासभर कांहीं झालें नाहीं. येथें संगणकहि सुटला, आणि नव्या यंत्राचे सर्व पैसे वांचले. चौथ्या खेपेस कॅमेरा पुन्हां हबावर, पण तबकडी काढलेली: पन्नास मिनिटें निर्विघ्न. तबकडी पुन्हां लावली: अकराव्या मिनिटास, तिचा दिवा लुकलुकून ती गरगर फिरूं लागली त्याच क्षणीं, कॅमेरा गेला. तबकडी असतां तुटणें, नसतां न तुटणें. शेवटीं जोडवायर काढून हब थेट पेटीस लावला, तबकडीसुद्धां; तेव्हां दोन तासांत एकदांच तुटला. म्हणजे अपराध एकट्या तबकडीचा नव्हे, वायरीचाहि त्यांत वांटा होता. विसावा घेतलेली तबकडी पुन्हां फिरूं लागतांना तिला सर्वांत अधिक वीज लागते. दहा मिनिटें झोंपून ती उठे, आणि उठतांना शेजाऱ्याचें पांघरूण ओढून घेई.

राहिला प्रश्न संगणक थिजण्याचा. वहींतील सर्वांत उपयुक्त नोंद याचविषयींची निघाली. बाण खिळला तेव्हां आम्हीं पडद्याच्या कोपऱ्यांतील घड्याळाकडे पाहिलें. मिनिटाचा आंकडा बदलला. मावशीहि पडद्यावर हालत होती. संगणक थिजलाच नव्हता ! दाब उतरल्यामुळें सबंध हबच मूर्च्छित झाला होता, आणि त्यावर कळफलक व माऊस असल्यामुळें संगणकास आज्ञा पोंचण्याचा मार्गच तुटला होता. हातपाय बांधलेल्या माणसास आपण मृत समजत होतों. अशा वेळीं बटण दाबून संगणक मारून टाकण्याऐवजीं माऊस पेटीच्या दुसऱ्या खाचेंत लावावा. तो चालूं लागला कीं निदान झालेंच. याच्या उलट, बाण फिरतो पण बोलण्याची खिडकी मात्र पांढरी पडून ऐकत नाहीं, असें असेल तर तो कार्यक्रम कॅमेऱ्याच्या पुढच्या चित्राची वाट पाहत अडला आहे. तेवढा कार्यक्रम टास्क मॅनेजरमधून बंद करावा. घड्याळहि थांबलें, बाणहि थांबला, आवाजहि एकच अक्षर घोळवीत राहिला, तरच संगणक खरा थिजला. तेव्हां ड्रायव्हर, स्मृतिफलक किंवा अतिउष्णता यांच्याकडे जावें.

उपायास आम्हांस एक पैहि पडली नाहीं. पेटी मेजावर घेतली, कॅमेरा व तबकडी मागच्या दोन वेगळ्या खाचांत लावलीं, आणि हबावर कळफलक व माऊस एवढेंच ठेवलें. मागच्या खाचा पेटींतील मुख्य फलकावरच बसविलेल्या असतात. पुढच्या खाचा आणखी एका वायरीनें तेथवर नेलेल्या असतात, म्हणून शक्य तोंवर कॅमेरा मागेंच लावावा. पेटीनें मेजावरील आमच्या कोशांची जागा घेतली, ही तक्रार आहे; पण ती ऐकणारें घरांत कोणी नाहीं. ज्यांना जागेची अडचण आहे त्यांनीं भिंतींतून वीज घेणारा हब आणावा आणि वायर आखूड ठेवावी; दुसऱ्या आवृत्तीच्या एका वायरीची मर्यादा पांच मीटर आहे, ती उत्तम वायरीची. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत खाचेंतील पितळी पट्ट्यांवर ओल धरून मळ बसतो. संगणक बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलांत किंचित् भिजविलेल्या बोळ्यानें वायरीचें टोंक पुसावें व वाळूं द्यावें. खोबरेल किंवा रॉकेल लावण्याचा मोह आवरावा.

दोष वायरींत नसून आज्ञावलींत असण्याचेहि प्रसंग असतात. २ ऑगस्ट २०१६ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची ‘ॲनिव्हर्सरी’ नांवाची आवृत्ति प्रसृत केली आणि अनेक ठिकाणचे, काल-परवांपर्यंत सुरळीत चालणारे कॅमेरे थिजूं लागले. एका कॅमेऱ्याचें चित्र एकाच वेळीं अनेक कार्यक्रमांस मिळावें म्हणून कंपनीनें मध्यें एक वांटप करणारा कारभारी बसविला होता, आणि कॅमेऱ्याकडून दाबलेलें चित्र थेट घेण्याची जुनी वाट त्या भरांत बंद केली होती. पुढें तिला दुरुस्ती पाठवावी लागली. असा विकार ओळखण्याची खूण तारखेंत असते: नवी आवृत्ति आली तो दिवस आणि तक्रार सुरू झाली तो दिवस एकच असेल, तर वायरी उपसूं नयेत, ‘डिव्हाइस मॅनेजर’ मध्यें कॅमेऱ्याच्या नांवावर जाऊन जुना ड्रायव्हर परत आणण्याची सोय आहे कीं काय तें पाहावें. त्याच ठिकाणीं ‘यूएसबी रूट हब’ या नांवाखालीं, वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची संगणकास मुभा देणारी एक चौकट असते. तिच्यांतील खूण काढावी. मात्र ही मुभा उपकरण स्वस्थ पडलें असतांना लागू होते. कॅमेरा प्रथमच सांपडत नसेल, किंवा संगणक झोपेंतून उठल्यावर सांपडत नसेल, तर हा उपाय योग्य. चालू बोलण्यांत तुटणाऱ्या कॅमेऱ्यास त्याचा गुण क्वचितच येतो. ड्रायव्हर काढून घालण्याचेंहि तसेंच. २००३ सालीं अशा कॅमेऱ्यांसाठीं एक सामायिक नियमावली निघाली आणि तेव्हांपासून बहुतेक कॅमेरे संगणकांत आधींच असलेल्या ड्रायव्हरवर चालतात. काढला तरी तोच पुन्हां येतो.

लॅपटॉपच्या झांकणांत जो कॅमेरा असतो तोहि आंतून बहुधा याच यूएसबी मार्गानें जोडलेला असतो, आणि त्याची केसासारखी वायर बिजागरींतून गेलेली असते. झांकण मागें-पुढें करतांना विशिष्ट कोनावरच चित्र जात असेल तर ती वायर झिजली आहे. तेथें घरगुती इलाज चालावयाचा नाहीं; झांकण उघडणें कारागिराचें काम. तोंवर त्याच लॅपटॉपच्या खाचेंत बाहेरचा कॅमेरा लावून वेळ भागते, फक्त आंतला कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करून ठेवावा, नाहीं तर बोलण्याचा कार्यक्रम नेमका त्यालाच शोधीत बसतो.